चौथ्या डबीचा आठवडा

तिला सगळे आकडेबाई म्हणत, आणि हे नाव तिनं स्वतः कमावलेलं होतं. गेली नऊ वर्षं दर मंगळवारी ती अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकांच्या, चाहत्यांच्या इंटरनेटवरच्या मंचावर मागच्या आठवड्याचा तक्ता टाकत आली होती. गेम खेळायचा कुठला कन्सोल किती खपला, कुठल्या मालिकेच्या डीव्हीडी किती गेल्या, कोण वर चढलं आणि कोण गडगडलं. घरात कुणाला ताप असो की बाहेर वादळ असो, मंगळवारी तक्ता येणार म्हणजे येणार. आकडा गोल करायचा नाही, हा तिचा नियम. नऊशे अठ्ठ्याण्णवला कुणी हजार म्हटलं की ती त्याला असं काही सुनवायची की तो महिनाभर मंचावर फिरकायचा नाही. पोटासाठी ती गेम आणि डिस्कच्या दुकानात काउंटरवर उभी राही, त्यामुळे थोडेफार आकडे तिच्या हातातूनच जात. चाळिशीला टेकलेल्या बाईनं कार्टूनच्या नादी लागावं याचं नातेवाइकांना आश्चर्य वाटे. नातेवाइकांना काही ना काही वाटतच असतं.

पण या आठवड्याचा आकडा तिला नुसता लिहायचा नव्हता, तो तिला हवा होता. बाराशे. एकही कमी चालणार नव्हता.

कारण घरात खिडकीपाशी खुर्चीत बसलेलं असे. बाबा. बाबांनी पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला यंत्र, तोंडात एकच वाक्य: 'लाइनवर राहा.' दिवसातून हजारदा म्हणायचे. घरीसुद्धा आई जेवायला हाक मारी तेव्हा पेपरातून मान वर न काढता म्हणत, 'लाइनवर राहा,' आणि आई म्हणे, 'भाजी लाइनवर राहत नाही, गार होते.' आई गेली तरी ही थट्टा घरात टिकली. मग चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी बाबांना झटका आला. उजवा हात गेला आणि त्याच्यासोबत शब्द गेले. समजायचं सगळं. सांगायचं मात्र काहीच यायचं नाही. घरातला फोन वाजला की उठून आतल्या खोलीत जात आणि दार लावून घेत. उभं आयुष्य फोनवर बोललेला माणूस फोनला घाबरून दार लावतो, हे बघणं तिला सोसत नसे.

बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्टबाई म्हणाल्या होत्या, "त्यांना आवडेल ते ऐकवा. छोटी वाक्यं, एकच आवाज, पुन्हा पुन्हा." तिनं बातम्या ऐकवल्या, जुनी गाणी ऐकवली, शेजारच्या काकूंना बोलावून त्यांच्या सुनेच्या तक्रारी ऐकवल्या. बाबा ढिम्म. एका रविवारी कंटाळून तिनं स्वतःसाठी आपली आवडती मालिका लावली. बर्फात अडकलेली एक बोट, तिच्यात चुकून चढलेली एक मुलगी, आणि खाली बॉयलरपाशी कोळसा ओढणारं एक म्हातारं अस्वल. मूळ मालिका परक्या भाषेतली, पण डीव्हीडी काढणाऱ्या कंपनीनं ती आपल्या भाषेत डब केली होती. अस्वलाला आवाज दिला होता कुणा वयस्कर नटानं. तीन शब्द बोलायचा, दम घ्यायचा, मग पुढचे तीन. बाबा खुर्चीत ताठ बसले. तोच भाग पाचव्यांदा लागला तेव्हा ते अस्वलाच्या मागोमाग म्हणाले, "आधी... कोळसा." पाच महिन्यांतले त्यांचे पहिले शब्द. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

तेव्हापासून त्या डीव्हीडींना घरात डब्या म्हणत. पहिली डबी, दुसरी डबी, तिसरी डबी. प्रत्येक डबीतून बाबांच्या तोंडात आठ-दहा वाक्यं येत, आणि बाबा ती जिथे तिथे वापरत. डॉक्टरांनी विचारलं, "काय काका, कसं वाटतंय?" तर उत्तर मिळालं, "आधी कोळसा, मग गप्पा." डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. पण थेरपिस्टबाई खूश होत्या. म्हणाल्या, "उसनी वाक्यं आहेत, असू देत. उसन्या काठीनं चालता चालताच पाय येतात."

आणि आता चौथी डबी. ती बाजारात आली त्याच सोमवारी कंपनीचं निवेदन आलं. डबिंग परवडत नाही. चौथ्या भागाच्या पहिल्या आठवड्यात, सोमवार ते रविवार, किमान बाराशे डीव्हीडी विकल्या गेल्या तरच पाचवा आणि शेवटचा भाग आपल्या भाषेत येईल. नाहीतर मूळ भाषेत, खाली अक्षरं देऊन. खालची अक्षरं बाबांच्या उपयोगाची नव्हती. झटक्यापासून अक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढून मुंग्यांसारखी पळत; आकडे तेवढे जागेवर राहत.

त्यातून त्याच आठवड्यात, गुरुवारी, नवा कन्सोल येणार होता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. आकडेबाईच्या नऊ वर्षांच्या तक्त्यांनुसार, कन्सोल आला की त्या आठवड्यात डिस्कची विक्री झोपते. दुकानांची दर्शनी फळी कन्सोलच्या खोक्यांना जाते, डिस्क मागे खाली वाकून शोधाव्या लागतात, आणि लोकांच्या खिशात उरतं ते घरी जायच्या भाड्यापुरतं. पहिल्या दिवशी कन्सोल घेणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं. खेळायला गेम दोन, त्यातला एक अर्धवट, कंट्रोलर एकच. तरी हा पठ्ठ्या खोकं छातीशी धरून असा निघतो जणू हॉस्पिटलातून बाळ घरी नेतोय. अर्थात आधीच्या तीनही कन्सोलच्या वेळी ती स्वतः अशीच निघाली होती, हा भाग वेगळा.

मंगळवारी सकाळी तिला एक कल्पना सुचली, आणि पुढचं सगळं रामायण त्या कल्पनेनं घडवलं.

"मालक," ती म्हणाली, "कन्सोलबरोबर अस्वलाची डीव्हीडी बांधून देऊ. दोन्हींचा मिळून एक संच. डीव्हीडी अर्ध्या किमतीत. जाईल की नाही बघा."

दुकानाचे मालक सावध गृहस्थ होते. एखाद्या गोष्टीला हो म्हणण्याआधी ते चष्मा पुसत. त्यांनी चष्मा पुसला. "कन्सोल घेणाऱ्याला अस्वल कशाला?"

"पोरं घरी कन्सोलला चिकटणार. बायकोला काहीतरी नको का बघायला?"

मालकांना हे पटलं. दुकानात एकूण तेहतीस डब्या आल्या होत्या. दोन सोमवारीच विकल्या गेल्या होत्या, त्यातली एक तिनंच घेतलेली. उरलेल्या एकतीस तिनं बुधवारी स्वतः एकेका कन्सोलला लावून पारदर्शक कागदात गुंडाळल्या आणि प्रत्येक संचावर नवं स्टिकर चिकटवलं. शिवाय मंचावर लिहून ही युक्ती सगळ्यांना सांगितली. दुसऱ्या शहरांतल्या दुकानांत काम करणारे चाहते होते, त्यांनी आपापल्या मालकांना गळ घातली. सात दुकानांनी तसेच संच बांधले. 'आकडेबाई, तुम्ही ग्रेट आहात,' असं कुणीतरी लिहिलं, आणि तिनं ते दोनदा वाचलं.

गुरुवारी दुकान उघडायच्या आधी रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. दुपारी दोनपर्यंत एकतीस संच संपले. कुणी विचारलं, "हे अस्वल काय आहे?" तर ती म्हणे, "नशीब समजा." संध्याकाळी घरी गेली तेव्हा बाबा चौथी डबी बघत होते. तिच्या शेवटी बॉयलर विझत आलेला असतो, मुलगी विचारते, तू खाली एकटा का राहतोस, आणि अस्वल म्हणतं, 'थांब. सांगतो.' तिथंच भाग संपतो. बाबा पडद्याकडे बघत म्हणत होते, "थांब. सांगतो. थांब. सांगतो." तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी ती आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवली.

शुक्रवारी दुपारी विक्री मोजणाऱ्या संस्थेकडून दुकानाचे कालचे आकडे आले. तिनं स्क्रीनवर बोट ठेवून ओळ शोधली. नवा कन्सोल, संच: एकतीस. अस्वल, भाग चार, आठवडाभरात: दोन.

तिला वाटलं आपण चुकीची ओळ वाचतोय. पुन्हा वाचली. दोन. मग एकदम सगळं लख्ख कळलं. काउंटरवरचं बारकोडचं यंत्र फक्त तेच मोजतं जे त्याच्यापुढे धरलं जातं. डबीच्या पाठीवर तिचा स्वतःचा बारकोड होता, आणि तिनं त्याच्यावरून कागद गुंडाळून वर संचाचं स्टिकर लावलं होतं. यंत्राच्या लेखी एकतीस खोकी विकली गेली होती. डबी एकही नाही. नऊ वर्षं आकड्यांची मास्तरीण म्हणून मिरवणाऱ्या बाईनं हे करावं! दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिनं त्याला मंचावर सोलून काढलं असतं. हात दाखवून अवलक्षण ते याला म्हणतात.

सात दुकानांचे मिळून दीडशेच्या वर संच होते. देशभरात त्या घटकेला डबीची नोंद होती नऊशे ऐंशी. तिच्या शहाणपणामुळेच बाराशे हुकत होते.

"बिलं रद्द करून परत फाडू," ती मालकांना म्हणाली. "कन्सोलचं वेगळं, डबीचं वेगळं."

मालकांनी चष्मा पुसला. "करता येईल. पण रद्द करायला संचावरचं स्टिकर यंत्रापुढे धरावं लागतं. प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. आणि स्टिकर आता लोकांच्या घरी."

"मग मी स्वतः विकत घेते एकतीस."

"कुठून? फळी रिकामी आहे. नवा माल बुधवारी."

तेही खरंच होतं. सगळ्या डब्या तिनंच बांधून टाकल्या होत्या. ती मागच्या खोलीत जाऊन रिकाम्या खोक्यांवर बसली आणि मंचावर लिहिलं: 'चूक माझी आहे. संचातल्या डब्या मोजल्या जात नाहीत. ज्या दुकानांनी संच विकले त्यांनी गिऱ्हाइकांना रविवारच्या आत परत बोलवा.' या वेळी कुणी ग्रेट म्हटलं नाही.

शनिवारी तिची दुपारची पाळी होती. कन्सोलच्या वॉरंटीच्या अर्जांवरून तिनं एकतीस नंबर कागदावर उतरवून आणले होते. सकाळी आठपासून ती घरच्या फोनवर बसली. बाबा आत जाऊन दार लावतील असं तिला वाटलं, पण ते खुर्चीतच राहिले, तिच्याकडे बघत.

"दुकानातून बोलतेय. तुम्ही गुरुवारी जो कन्सोल... नाही, बिघडलेला नाही. नाही, परत नकोय आम्हाला. फक्त वरचा स्टिकरचा कागद आणि डबी घेऊन दोन मिनिटं... हॅलो?"

निम्म्या लोकांना ही फसवणूक वाटली. एकानं विचारलं, पैसे परत देणार का. एक बाई म्हणाल्या, नवरा तीन दिवस जागचा हललेला नाही, तुम्हीच येऊन उचलून न्या. एकानं डबीचा पुठ्ठा काढून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातला होता. ती भराभर बोलत होती, कारण लोक भराभर फोन ठेवत होते, आणि ती जितकी भराभर बोले तितके ते लवकर ठेवत. बारा वाजेपर्यंत आठ जण येतो म्हणाले. तिनं त्यांच्यापुढे खुणा केल्या, डोकं हातांत धरलं आणि तशीच बसून राहिली.

"मुली," बाबा म्हणाले. हा अस्वलाचाच शब्द होता. त्यांनी डाव्या हातानं कागदाकडे बोट दाखवलं.

तिनं त्यांना सगळं सांगितलं. आत्तापर्यंत सांगितलं नव्हतं. आजारी माणसाला कशाला घोर. बाराशेचं सांगितलं, स्टिकरचं सांगितलं. "माझ्यामुळे झालंय बाबा. पाचवी डबी आपल्या भाषेत आली नाही तर ती माझ्यामुळे येणार नाही." बाबांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरून तिला काही कळलं नाही. ती दुकानात गेली, आठातले आठही आले, आणि रात्री तिला झोप लागली नाही.

रविवारी ती दुकान उघडायला गेली तेव्हा नंबरांचा कागद फोनपाशीच विसरली. साडेअकराला तिच्या ते लक्षात आलं. घरी जाऊन यावं तर काउंटर सोडता येईना. तेवढ्यात एक तरुण मुलगी आली, हातात चुरगळलेला स्टिकरचा कागद आणि डबी.

"मला एका काकांचा फोन आला," ती म्हणाली. "आधी कुणी बोलेचना. मला वाटलं कुणीतरी त्रास देतंय. मी ठेवणार तर म्हणाले, थांब, सांगतो."

आकडेबाईच्या हातातलं यंत्र हातातच राहिलं. "मग?"

"मग खूप वेळ काही नाही. मग म्हणाले, 'माझी मुलगी... दुकानात आहे. कागद... डबी... घेऊन जा.' एवढ्याला चार मिनिटं लागली असतील. असा फोन ठेवणार कसा?"

'माझी मुलगी दुकानात आहे' हे वाक्य चारांपैकी कुठल्याही डबीत नव्हतं. आकडेबाईला चारही डब्या तोंडपाठ होत्या. तिनं स्टिकर यंत्रापुढे धरलं, बिल रद्द केलं, डबीचा बारकोड धरला, आणि हे सगळं करताना तिला समोरचं धड दिसत नव्हतं. मुलीनं विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?" ती म्हणाली, "एसीमुळे."

मग एकेक येत राहिले. टेबलाच्या पायाखालचा पुठ्ठा घेऊन तो माणूस आला. "मला अरेतुरे करत होते," तो म्हणाला, पण रागानं नाही. तीन दिवस न हललेला नवरा हलला आणि बायकोसकट आला. दुकान बंद होईपर्यंत चौदा जण आले. मालक चष्मा पुसतच होते, पण त्यांना काहीच ठरवायचं नव्हतं.

घरी बाबा खुर्चीतच मान टाकून झोपले होते. फोन मांडीवर. कागदावरच्या नावांपुढे डाव्या हातानं ओढलेल्या वाकड्यातिकड्या रेघा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, सकाळपासून जेवायला उठले नाहीत. मी ताट घेऊन आले तर मला म्हणतात, आधी कोळसा."

सोमवार कसा गेला ते तिचं तिला माहीत. मंचावर दुसऱ्या दुकानांचे निरोप येत होते: आमच्याकडे सतरा, आमच्याकडे नऊ, आमच्याकडे एकही आला नाही. तिनं बेरीज तीनदा केली आणि तीनदा वेगळी आली. मंगळवारी सकाळी साडेनऊला अधिकृत आकडा आला. अकराशे एकोणनव्वद.

अकरा कमी. तिच्या स्वतःच्या दुकानाच्या एकतिसांपैकी नऊ जण आले नव्हते. तिनं तक्ता उघडला आणि लिहिलं, अकराशे एकोणनव्वद, जसाच्या तसा. तिथून उठून बाबांपुढे जाऊन उभं राहायला तिला बराच वेळ लागला.

"झाले नाहीत बाबा," ती म्हणाली. "अकरा कमी पडले."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर. मग म्हणाले, "फोन... लाव."

"आता कुणाला? आठवडा संपला."

"त्यांना."

"कंपनीला? बाबा, त्यांचा नियम ठरलाय. ते ऐकणार नाहीत. तिथे सगळे घाईत असतात, दोन वाक्यांत फोन ठेवतात." परवा दुकानदारीच्या गोष्टीसाठी अनोळखी माणसांनी त्यांचं ऐकून घेतलं, ते नशीब. आज कुणी फटकन ठेवला तर ते पुन्हा आतल्या खोलीत जाऊन दार लावतील, आणि मग ते दार कुठल्या डबीनं उघडायचं?

बाबांनी डावा हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

तिनं निवेदनाखालचा नंबर शोधला, लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. चार वेळा वाजला. मग एक तरुण, भराभर आवाज: कंपनीचं नाव, स्वतःचं नाव, काय मदत करू शकते. बाबांचे ओठ हलले. शब्द आला नाही. तिनं पुढे वाकून बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवून तिला थांबवलं.

"हॅलो? हॅलो? तुमचा आवाज येत नाहीये. मी फोन ठेवतेय."

"लाइनवर राहा," बाबा म्हणाले.

दोन्ही शब्द एका दमात, मध्ये न थांबता, पस्तीस वर्षं म्हणत आले तसे.

पलीकडचा आवाज म्हणाला, आता सावकाश, "हो सर. आहे मी. बोला."

बाबांनी दम घेतला आणि एकेक शब्द शोधत, आपल्या आवाजात, सुरुवात केली. पलीकडची मुलगी लाइनवर राहिली.